रोजकीर्द ते खतावणी : सुरक्षा सॉफ्टवेअर आपल्याविषयी काय लिहून ठेवते?

आमच्या सोसायटीत राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या घरच्या संगणकावरील अँटिव्हायरस रोज सकाळी ‘परवाना वैध नाही’ असा संदेश दाखवीत असे आणि थोड्या वेळाने तो संदेश आपोआप नाहीसा होत असे. त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला ईमेल केला. उत्तर आले की सोबतचे छोटे साधन चालवा, त्यातून एक झिप फाइल तयार होईल, ती आम्हाला पाठवा. सरांनी साधन चालवले आणि फाइल तयारही झाली, पण ती पाठवण्याआधी त्यांच्यातला जुना परीक्षक जागा झाला. “न वाचता गठ्ठा पुढे पाठवण्याची मला सवय नाही,” ते म्हणाले. “यात काय आहे ते आधी बघू या.”

आत दीडशेच्या आसपास फाइली होत्या आणि त्यांतल्या बहुतेक साध्या नोटपॅडमध्ये वाचता येत होत्या. संगणकाचे नाव, घरच्या वाय-फायचे नाव, बसवलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरची यादी, गेल्या तीन महिन्यांत तपासलेल्या फाइलींची नावे आणि अडवलेल्या संकेतस्थळांचे पत्ते असा सगळा ऐवज तिथे होता. सर बराच वेळ नुसते वाचत राहिले. मग त्यांनी विचारले, “परवान्याच्या दुरुस्तीला हे सगळे लागते?”

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाल्यापासून ‘डेटा’ आणि ‘संमती’ हे शब्द आपल्या कानावर वारंवार पडू लागले आहेत. ती चर्चा बहुधा समाजमाध्यमे आणि खरेदीची अ‍ॅप यांच्याभोवती फिरते. आपल्या रक्षणासाठी आपणच विकत घेतलेले सॉफ्टवेअर आपल्याविषयी काय लिहून ठेवते, हा सरांचा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो.

लॉग म्हणजे रोजकीर्द

जुन्या पेढीवर हिशेब कसा लिहीत असत हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रोजकीर्द वेगळी सांगायला नको. दिवसभरात जे जे घडले ते घडले त्या क्रमाने या वहीत उतरवायचे असते. कोणी साखर उधार नेली, कोणी जुने पैसे फेडले, हमालाला मजुरी दिली, हे सगळे एकाखाली एक येते. सॉफ्टवेअर स्वतःच्या कामाची अशीच वही लिहीत असते आणि तिला ‘लॉग’ म्हणतात. बिघाड झाला की जाणकार माणूस ही वही उलटी वाचत जातो आणि गाडी कुठे घसरली ते शोधतो. लॉग नसेल तर शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या मदतनीसाला उंटावरून शेळ्या हाकण्यावाचून गत्यंतर नसते. याच नोंदी आपण न पाठवता, इंटरनेटवरून आपोआप कंपनीकडे जाऊ लागल्या की त्यांना ‘टेलिमेट्री’ म्हणतात.

पेढीवर आणखी एक वही असे, ती म्हणजे खतावणी. रोजकीर्दीतील नोंदी उचलून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाच्या स्वतंत्र पानावर मांडल्या की खतावणी तयार होते. नोंदी त्याच असतात, शाईसुद्धा तीच असते, फक्त मांडणी बदलते. पण रोजकीर्द चाळून एका माणसाने वर्षभरात काय काय नेले ते काढायला अख्खा दिवस लागेल, तर खतावणीत त्याचे पान उघडले की त्याचा संसार समोर येतो. लॉगमुळे खासगीपणाला धोका होतो की नाही, याचा निवाडा बऱ्याच अंशी या दोन वह्यांमधल्या अंतरावर होतो. वही घरात आहे, पेढीच्या मुनिमाकडे आहे की तिसऱ्याच कोणाच्या हाती लागली आहे, हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न.

एक ओळ जवळून पाहू

सरांच्या लॉगमधल्या ओळी येथे छापणे योग्य नाही. त्याच धाटणीची एक काल्पनिक ओळ देवनागरीत लिहून दाखवतो.

१४-०७ | २३:४२:०९ | तपासणी | सी:\यूजर्स\विद्या\डाउनलोड्स\आई-बायॉप्सी-रिपोर्ट-२.पीडीएफ | ३१२ केबी | निर्धोक

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही अगदी कंटाळवाणी ओळ आहे. एक फाइल आली, ती तपासली, तीत काही वावगे आढळले नाही, एवढेच ती सांगते. आता हीच ओळ माणसाच्या नजरेने वाचा. विद्या नावाची व्यक्ती रात्री पावणेबाराला जागी आहे. फाइल ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये आहे, म्हणजे ती ईमेलने किंवा प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरून नुकतीच उतरवलेली असणार. तिच्या आईची बायॉप्सी झाली आहे. नावातला ‘२’ हा आकडा सांगतो की हा बहुधा दुसरा अहवाल आहे, म्हणजे पहिल्याने समाधान झाले नसावे. अहवालात काय लिहिले आहे याचा एक शब्दही लॉगमध्ये नाही, आणि तरी एका कुटुंबावर काय प्रसंग आला आहे ते त्या ओळीने सांगून टाकले. शेवटचा ‘निर्धोक’ हा शब्द तर वाचताना नको वाटतो.

ही ओळ लिहिणाऱ्या प्रोग्रामरचा हेतू वाईट नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्याच्या डोळ्यांसमोर विद्या नव्हतीच. उद्या तपासणी एखाद्या फाइलीपाशी येऊन अडकली, तर ती नेमकी कोणती फाइल होती हे कळावे, एवढीच त्याची गरज होती आणि त्यासाठी फाइलीचा पूर्ण पत्ता लिहिणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. विंडोजमध्ये त्या पत्त्यात ‘यूजर्स’ या शब्दापाठोपाठ वापरकर्त्याचे नाव येते आणि फाइलींना नावे आपणच देतो, तीही अशी की वाचताच आत काय आहे ते समजावे. लॉगमधून होणारी बरीचशी गळती ही अशी, कोणीही न ठरवता झालेली असते.

याच सॉफ्टवेअरला एवढे का दिसते?

सर्वसाधारण अ‍ॅप म्हणजे इमारतीतला एक भाडेकरू, त्याला त्याच्या खोलीपुरते दिसते. अँटिव्हायरसचे काम मात्र वॉचमनचे आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायची तर त्याला गेटपासून गच्चीपर्यंत सर्वत्र मुभा द्यावी लागते. म्हणून ही सॉफ्टवेअर संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये शिरून काम करतात. ती किती खोलवर असतात याचा अनुभव जगाने १९ जुलै २०२४ रोजी घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला कोणत्या संशयास्पद हालचालींवर नजर ठेवायची हे सांगणारी एक सदोष फाइल त्या दिवशी वितरित झाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

पूर्वी हा वॉचमन स्वतःच्या स्मरणशक्तीवर काम करीत असे. १९९० च्या दशकात पुण्यात संगणकदुरुस्तीच्या व्यवसायातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली, त्या काळात व्हायरस फ्लॉपीवरून पसरत असत आणि बहुतेक घरगुती संगणक इंटरनेटला जोडलेलेही नसत. लॉग लिहिला गेला तरी तो त्याच संगणकात पडून राही. आता नवनवे घातक प्रोग्राम इतक्या वेगाने येतात की ओळखीच्या गुन्हेगारांची यादी घरातल्या घरात ताजी ठेवणे पुरत नाही. म्हणून अनोळखी फाइल दिसली की सॉफ्टवेअर तिचा ‘हॅश’ काढते, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने तयार केलेला जणू अंगठ्याचा ठसा, आणि तो कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवून ‘हा इसम ओळखीचा आहे का’ असे विचारते. ठशावरून फाइल परत तयार करता येत नाही, त्यामुळे इथवर फारसे बिघडत नाही. ठसा ओळखीचा निघाला नाही आणि फाइलीचे वागणे संशयास्पद वाटले, तर मात्र अनेक सॉफ्टवेअर ती फाइलच उचलून कंपनीकडे पाठवतात. याला ‘नमुना पाठवणे’ म्हणतात.

नमुन्याबरोबर काय काय जाऊ शकते याचे ठळक उदाहरण कॅस्परस्की या रशियन कंपनीने स्वतःच दिले आहे. कंपनीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हकिकतीनुसार, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका घरगुती संगणकावर तिच्या अँटिव्हायरसला एका कुख्यात हेरगिरी-प्रोग्रामचा माग लागला आणि एक संपूर्ण संकुचित फाइल नमुना म्हणून आपोआप तिच्याकडे आली. उघडून पाहिल्यावर तीत त्या प्रोग्रामचा मूळ कोड आणि अमेरिकी गोपनीयतेचे शिक्के असलेली कागदपत्रे निघाली. आपल्या प्रमुखांच्या आदेशावरून ती नष्ट केल्याचे कंपनी सांगते. अमेरिकी सरकारचा त्यावर विश्वास बसला नाही आणि त्या देशात या कंपनीबाबत पुढे जे झाले ते वेगळे प्रकरण आहे. कंपनीची हकिकत जशीच्या तशी खरी मानली, तरी यंत्राने नेमून दिलेले कामच चोख केले होते, आणि त्यातूनच एका देशाची गुपिते दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पोहोचली होती.

लॉग पाठवला आणि अर्ध्या तासात चोर दारात

सरांच्या झिप फाइलीच्या सर्वांत जवळ जाणारी घटना २०२३ मधली आहे. ओक्टा ही अमेरिकी कंपनी इतर कंपन्यांना लॉग-इनची व्यवस्था पुरवते, म्हणजे हजारो कार्यालयांच्या दारावरची कुलपे तिची आहेत. ग्राहकाला अडचण आली की ओक्टाचे मदतनीस त्याच्याकडे ‘एचएआर’ नावाची फाइल मागत. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यात झालेल्या सगळ्या देवाणघेवाणीची ही तंतोतंत नोंद असते, त्यामुळे बिघाड शोधायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही.

त्या देवाणघेवाणीत एक गोष्ट हटकून असते. जत्रेत किंवा कार्यक्रमात प्रवेशद्वारावर तिकीट दाखवले की हातावर शिक्का मारतात आणि पुढे दिवसभर शिक्का दाखवून आतबाहेर करता येते, हे आपण पाहिले आहे. संकेतस्थळही असेच करते. पासवर्ड एकदा विचारते आणि मग ब्राउझरला सेशन टोकन नावाचा एक शिक्का देते. तो शिक्का दुसऱ्या कोणाच्या हाती पडला तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि मोबाइलवर येणारा ओटीपीही लागत नाही. एचएआर फाइलीत हा शिक्का जसाच्या तसा उमटलेला असू शकतो.

२८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर २०२३ या काळात एक घुसखोर ओक्टाच्या मदतकेंद्राच्या प्रणालीत शिरून ग्राहकांनी पाठवलेल्या फाइली वाचत होता. बियाँडट्रस्ट या सुरक्षा कंपनीच्या एका प्रशासकाने २ ऑक्टोबरला मदतनीसांच्या सांगण्यावरून अशी फाइल पाठवली आणि अर्ध्या तासाच्या आत त्याच फाइलीतला शिक्का वापरून कोणीतरी त्यांच्या व्यवस्थेत शिरण्याचा प्रयत्न केला. बियाँडट्रस्टची स्वतःची पहारेदारी जागी होती म्हणून तो फसला. एकंदर १३४ ग्राहकांच्या फाइली पाहिल्या गेल्या आणि त्यांपैकी पाच ग्राहकांबाबत शिक्के वापरले गेले, असे ओक्टाने नंतर जाहीर केले. घुसखोराला चावी कुठून मिळाली? कंपनीच्या तपासानुसार एका कर्मचाऱ्याने कार्यालयाच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये आपले वैयक्तिक गूगल खाते उघडले होते आणि मदतकेंद्राच्या प्रणालीचा पासवर्ड त्या खात्यात जतन झाला होता, बहुधा तिथूनच तो फुटला.

ज्यांनी फाइली पाठवल्या ते अडाणी वापरकर्ते नव्हते, सुरक्षेच्या धंद्यातलेच मुरलेले लोक होते. विश्वासू कंपनीने मागितले, नेहमीच्या मार्गाने पाठवले, यात त्यांचे काय चुकले हे सांगणे अवघड आहे. त्यानंतर क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीने एचएआर फाइलीतून असे शिक्के पुसून देणारे साधन सर्वांसाठी खुले केले आणि पुढच्या वर्षी क्रोम ब्राउझरने अशी फाइल मुळातच शिक्के पुसून देण्याची सोय केली. हे काम साधनाने सुरुवातीपासून करायला हवे होते. प्रत्येक वापरकर्त्याने हजारो ओळी वाचून त्यातली एक हाताने खोडावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पासवर्ड लॉगमध्ये जातोच कसा?

पासवर्ड जपून ठेवण्याची रीत दळणासारखी आहे. गहू जात्यात घालायचे आणि फक्त पीठ साठवायचे, कारण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. मे २०१८ मध्ये ट्विटरने कबूल केले की त्यांच्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड दळणाआधीच लिहिले जात होते, आणि आपल्या सर्व ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. फेसबुकचेही तसेच झाले होते. ते मार्च २०१९ मध्ये उघड झाले आणि त्या प्रकरणी आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनी मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. या दोन्ही ठिकाणी कोणी बाहेरून आत शिरले नव्हते. जात्याच्या अलीकडे कोणीतरी वही उघडी ठेवली होती, एवढेच झाले होते.

कुंपणच शेत खाते तेव्हा

इथवरची उदाहरणे हलगर्जीची होती. अ‍ॅव्हास्टचे प्रकरण तसे नाही. प्राग येथील या कंपनीचे अँटिव्हायरस आणि ब्राउझरला जोडायची साधने जगभर कोट्यवधी लोक वापरत होते, आणि त्यांतले बरेच जण ती फुकट वापरत होते. संकेतस्थळ घातक आहे का हे तपासायचे तर तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर चालला आहात हे साधनाला कळलेच पाहिजे. म्हणजे रोजकीर्द लिहिण्याला सबळ कारण होते. कंपनीने ती रोजकीर्द जम्पशॉट या आपल्या उपकंपनीकडे दिली आणि जम्पशॉटने तिच्यावरून खतावणी करून विकायला काढली.

जानेवारी २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ आणि ‘पीसीमॅग’ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनांनी हे उजेडात आणले आणि काही दिवसांतच जम्पशॉटला टाळे लागले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची आणि असा डेटा जाहिरातीसाठी न विकण्याची अट लादली. आयोगाच्या म्हणण्यानुसार जम्पशॉटकडे २०१४ पासूनची आठ पेटाबाइटहून अधिक ब्राउझिंग-माहिती साठली होती आणि ती शंभराहून अधिक गिऱ्हाइकांना विकली गेली. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. अ‍ॅव्हास्टची जाहिरात तर अशी होती की आमचे सॉफ्टवेअर तुमच्या मागावर असणाऱ्यांना अडवते.

आयोगाच्या तक्रारीत त्या डेटातील नमुन्याच्या नोंदी दिल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाच्या लक्षणांवरील शोधनिबंध, मेरीलँडमधील फोर्ट मीड येथील एक लाख डॉलरहून अधिक पगाराच्या सरकारी नोकऱ्या, गूगल मॅप्सवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा रस्ता आणि एका डेटिंग संकेतस्थळाचा सदस्य-क्रमांकासह पत्ता, असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक ब्राउझरला एक स्थिर क्रमांक दिलेला होता. विद्याच्या एका ओळीने आपल्याला किती सांगितले ते आठवा, आणि मग अशा हजारो ओळी एकाच क्रमांकाखाली सहा वर्षे मांडत गेल्यावर काय हाती लागेल याचा अंदाज करा. चेक प्रजासत्ताकाच्या डेटा संरक्षण कार्यालयानेही २०२४ मध्ये या कंपनीला ३५ कोटींहून अधिक चेक कोरुनांचा दंड ठोठावला.

‘नाव काढून टाकले की झाले ना?’

अ‍ॅव्हास्टचा बचावही हाच होता की डेटा निनावी होता. हा बचाव किती तोकडा आहे हे २००६ मध्येच दिसले होते. अमेरिकेतील एओएल या कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी इंटरनेट-शोध प्रसिद्ध केले. नावे काढून त्या जागी क्रमांक घातले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी एक क्रमांक घेतला, त्याखालचे शोध ओळीने वाचले, त्यात आलेली गावाची नावे आणि आडनावे जुळवली आणि थेट जॉर्जिया राज्यातील एका वृद्ध महिलेचे दार ठोठावले. नाव काढून क्रमांक देणे म्हणजे खतावणीच्या पानावरचा मथळा खोडणे. पानावरच्या नोंदी शाबूत असतील तर गावातला कोणीही ते पान कोणाचे आहे ते सांगेल. खरे निनावीकरण करायचे तर पानच बनू द्यायचे नाही, म्हणजे स्थिर क्रमांक ठेवायचा नाही, वेळ मिनिटाऐवजी दिवसापर्यंत ढोबळ करायची आणि फाइलीच्या पूर्ण पत्त्याऐवजी तिचा ठसा किंवा नुसता प्रकार लिहायचा.

‘कर नाही त्याला डर कशाला?’

बायॉप्सीचा अहवाल हा गुन्हा नाही, आणि तरी तो नातेवाइकांना कधी सांगायचा हे विद्याने ठरवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, त्यानंतर या प्रश्नावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

‘मग लॉग बंदच करून टाकावेत’

हा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. बियाँडट्रस्टला चोर दिसला तो लॉगमुळेच. घरफोडी झाल्यावर पंचनाम्यासाठी जसा मोडका कडीकोयंडा लागतो, तसा संगणकातल्या घुसखोरीचा तपास लॉगवाचून होत नाही. म्हणून भारतात ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग जपण्याचे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवण्याचे बंधन घातले. त्याच निर्देशांत, वापरकर्त्याचा इंटरनेटवरचा वावर इतरांपासून झाकणाऱ्या व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी असेही होते, आणि ‘आम्ही लॉगच ठेवत नाही’ या वचनावर व्यवसाय करणाऱ्या एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यावर भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. डेटा संरक्षणाच्या नव्या नियमांतही एक वर्ष लॉग जपण्याची तरतूद आहे.

म्हणजे खासगीपणा जपणारा कायदाच वही ठेवायला सांगतो, यात वरकरणी विसंगती वाटते. परंतु कोण कधी कोणत्या डेटाला शिवले याची वही आणि कोण माणूस काय वाचतो याची वही, या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली ठेवलीच पाहिजे. दुसरीसाठी कंपनीने कारण दाखवले पाहिजे, आणि ‘कधी तरी उपयोगी पडेल’ हे कारण माझ्या मते चालवून घेऊ नये. कायद्याचे मुख्य भाग अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचे आहेत. तेव्हा पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत किंवा कोकणीतही वाचण्याची मुभा ग्राहकाला द्यावी लागेल. बारा पानी इंग्रजी मसुद्याच्या तळाशी डोळे मिटून ‘मान्य’ करणाऱ्यांसाठी ही तरतूद दंडापेक्षाही मोलाची ठरू शकते, अर्थात मराठी मसुदा माणसाला कळेल असा लिहिला तर.

फाइल पाठवण्याआधी

तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये ‘क्लाउड संरक्षण’ (म्हणजे फाइलीची ओळख कंपनीच्या सर्व्हरला विचारणे) आणि ‘नमुने आपोआप पाठवणे’ या बहुधा स्वतंत्र कळी असतात. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरमध्येही त्या स्वतंत्र आहेत. पहिली बंद केली तर संरक्षण कमजोर होते, म्हणून ती चालू असू द्यावी. दुसरी बंद ठेवली तर फाइल आपल्याला न विचारता जात नाही, आणि ज्यांच्या संगणकावर अशिलांची किंवा रुग्णांची कागदपत्रे असतात त्यांनी तेवढा त्रास सोसावा. मदतकेंद्राने लॉग मागितला तर नेमका कोणता लॉग आणि किती दिवसांचा, हे उलट विचारायला संकोच करू नये. फाइली मजकुराच्या असतील तर नोटपॅडमधल्या शोधा-आणि-बदला या सोयीने आपले नाव एका फटक्यात ‘अबक’ करता येते. एचएआर फाइल द्यावीच लागली, तर आधी त्या संकेतस्थळावरून लॉग-आउट व्हावे, कारण बहुतेक ठिकाणी त्याने हातावरचा शिक्का पुसला जातो.

सरांनी पहिला उपाय निवडला. कोणता लॉग हवा असे त्यांनी मदतकेंद्राला विचारले, आणि उत्तर येईपर्यंत आम्ही दोघे परवान्याच्या तपासणीची फाइल वाचत बसलो. तासाभराने सरांचे बोट डावीकडच्या पहिल्या रकान्यावर थांबले. रोज सकाळच्या पहिल्या काही ओळींवर १ जानेवारी २०१० अशी तारीख होती आणि त्यानंतरच्या ओळींवर त्या त्या दिवसाची. संगणकातल्या मुख्य सर्किटवरची, म्हणजे मदरबोर्डवरची, नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे संगणक बंद केला की त्याचे घड्याळ थेट २०१० सालात जाई आणि इंटरनेट जोडले गेले की पुन्हा ताळ्यावर येई. २०१० साली तो परवाना अस्तित्वातच नव्हता, तेव्हा सॉफ्टवेअरची तक्रार रास्त होती. कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तशीच बॅटरी मिळाली. झिप फाइल सरांनी डिलीट केली आणि रीसायकल बिनही रिकामे केले.

दोन दिवसांनी मदतकेंद्राचा ईमेल आला की आपण अद्याप संपूर्ण लॉग पाठवलेला नाही, कृपया लवकर पाठवावा.